एचएलएसचा ब्लॉक बोर्डावर गप्प का बसतो? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची इंजिनिअरिंगची पोरं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला व्हेरिलॉगऐवजी (हार्डवेअरचं वर्णन करायची भाषा) सी++ लिहितात आणि व्हायटिस एचएलएसकडून (सी++ चं सर्किट बनवणारं टूल) आरटीएल, म्हणजे सर्किटचं वर्णन, काढून घेतात. सी सिम्युलेशन पास होतं, पण एफपीजीए बोर्डावर (पाहिजे ते सर्किट भरता येणारी चिप असलेला) ब्लॉक ढिम्म हलत नाही. मग पोरं आतलं गणित तपासत बसतात. दोष बहुतेक वेळा पोर्टांच्या जोडणीत असतो.

समजा, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लेथच्या कंपनांसाठी फिल्टर केलाय: ६४ नमुन्यांचा अ‍ॅरे, एक गेन (गुणायची संख्या) आणि उत्तरासाठी पॉइंटर. व्हिवाडो फ्लोमध्ये (ब्लॉक व्हिवाडो टूलमध्ये जोडायच्या पद्धतीत) इंटरफेसचा प्राग्माच, म्हणजे पोर्ट कसे हवेत ही टूलला सूचना, दिला नाही, तर गेनला 'एपी_नन' मिळतं. म्हणजे नुसत्या तारा, व्हॅलिड (डेटा खरा असल्याची खूण) वगैरे काही नाही. काम चालू असेपर्यंत ती किंमत स्थिर ठेवणं तुमच्याकडे. उत्तराच्या पॉइंटरला 'एपी_व्हीएलडी' मिळतं, तिथं व्हॅलिड वर असतानाच डेटा उचलायचा.

अ‍ॅरेचं प्रकरण जास्त फसवं. आर्ग्युमेंटातल्या अ‍ॅरेसाठी ब्लॉकच्या आत मेमरी बनतच नाही! 'एपी_मेमरी'चे अ‍ॅड्रेस, इनेबल आणि डेटाचे पोर्ट फक्त बाहेर येतात. ब्लॉक रॅम (चिपमधली मेमरी) तुम्ही जोडायची. हातानं टेस्टबेंच लिहीत असाल, तर अ‍ॅड्रेस दिल्या क्षणी डेटा देऊ नका, नेहमीच्या ब्लॉक रॅमसारखा पुढच्या क्लॉकला द्या. व्हीटीयू विद्यापीठाच्या व्हायवात (तोंडी परीक्षेत) 'हे पोर्ट आले कुठून?' असं विचारलं, तर सिंथेसिस रिपोर्टमधला इंटरफेसचा तक्ता आधी वाचलेला बरा.

ब्लॉक सुरू करणाऱ्या 'एपी_स्टार्ट'ला एका क्लॉकचा पल्स देऊन मोकळं होणं, ही तर सर्रास चूक. 'एपी_रेडी' येईपर्यंत तो वरच धरायचा. त्यानंतरही वर राहिला तर पुढची फेरी सुरू होते. रेडी म्हणजे नवीन इनपुट घ्यायला मोकळा, डन म्हणजे काम पुरं. पाइपलाइन केलेल्या फंक्शनमध्ये रेडी आधी येऊ शकतो.

एएक्सआय-लाइट (प्रोसेसरनं रजिस्टरं लिहून-वाचून ब्लॉक चालवायची जोडणी) घेतलंत, तर स्टार्ट हा शून्य पत्त्यावरच्या कंट्रोल रजिस्टरचा शून्यावा बिट. आर्ग्युमेंटांचे पत्ते मनानं मोजू नका, टूलनं बनवलेल्या हेडर फाइलमधून घ्या. नेहमीच्या मोडमध्ये डनचा बिट वाचताच पुसला जातो, त्यामुळे प्रोग्रॅममध्ये दोन ठिकाणी वाचलात तर एकाला तो दिसणारच नाही.

स्ट्रीममधून डीएमएकडे (डेटा थेट मेमरीत नेणाऱ्या ब्लॉककडे) डेटा पाठवताना शेवटच्या शब्दाला 'टी-लास्ट' ही शेवटाची खूण लावा, नाहीतर ट्रान्सफर संपतच नाही. आणि रिसेट बघा: साध्या पोर्टांचा 'एपी_आरएसटी' वर असताना रिसेट करतो, एएक्सआय आलं की 'एपी_आरएसटी_एन' होतो आणि खाली असताना करतो. उलटा जोडला तर ब्लॉक कायम रिसेटमध्येच.