पानांवरून रानातली झाडं ओळखताय? या चुका टाळा

झाड ओळखायचं म्हटलं की सगळे आधी फुलाचा फोटो काढतात, पण फूल काय, थोडे दिवस असतं आणि जातं, पानं त्यापेक्षा कितीतरी जास्त काळ हाताशी असतात. घोळ होतो तो इथे की एक पान म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत, हेच आधी चुकतं.

कडुनिंबच बघा ना. करवतीसारख्या कडेची ती छोटी हिरवी पाती पान नाहीच, ती पर्णिका, आणि अख्खी काडी मिळून एक पान. पर्णिका जवळजवळ समोरासमोर दिसतात म्हणून लोक 'पानं समोरासमोर' असं ठरवून टाकतात आणि मग पुढचं सगळंच चुकत जातं, कारण फांदीवर कडुनिंबाची पानं एकाआड एक असतात. तपासायचं कसं, तर देठ फांदीला जिथे जोडलाय त्या बेचक्यात बघा, बारीकसा डोळा, म्हणजे नवी फूट येणारा कोंब, दिसला की पान तिथून सुरू. पर्णिकेच्या बुडाशी असा डोळा नसतो. आणि हो, तीच काडी पुन्हा फुटून तिच्यावर पर्णिका आल्या असतील तर तो कडुनिंब नाही, बहुतेक बकाणा निंब असणार.

भुईआवळी बरोबर याच्या उलट फसवते. दिसायला अगदी संयुक्त पान, म्हणजे कडुनिंबासारखं अनेक पर्णिकांचं एक पान, पण काडी उलटी करा, पानापानाच्या बेचक्यात बारीक फुलं नाहीतर गोल फळं लोंबताना दिसतील, म्हणजे ती काडी ही डहाळी आणि तिच्यावरची ती छोटी छोटी पानं खरीच पानं.

फांदीच्या शेंड्याकडे बघून निकाल देणं ही तर फारच कॉमन चूक. शेंड्याला पेरं, म्हणजे फांदीवर पानं फुटतात त्या जागा, एकमेकींच्या जवळ असतात त्यामुळे आंब्याची पानंसुद्धा एका गोलात आल्यासारखी वाटतात, खरा गोल बघायचा तर सातवीण बघा, एकाच पेरातून बहुतेकदा पाच ते सात पानं. म्हणून फांदीच्या मधली तीन-चार पेरं तपासा. जोडीतलं एक पान गळून गेलं असेल तर त्याची खूण सालीवर राहते, तीही मोजा. आडव्या फांदीवर पानं उजेडाकडे वळतात आणि देठ पिळले जातात, तेव्हा पात्याकडे नाही, देठाच्या बुडाकडे बघायचं.

तीन पर्णिका दिसल्या की लगेच पळस म्हणू नका. बेलालाही तीनच, पण त्याला काटे असतात आणि पान चुरडलं की वास येतो. पांगाऱ्याच्या फांद्यांवर काटे, आणि खाजकुइली तर वेल आहे, तिच्या शेंगांना हात लावलात तर पुढचा वेळ खाजवण्यातच जाईल.

रोपावरून मोठं झाड ओळखणंही रिस्की. निलगिरीच्या काही जातींत कोवळी पानं गोलसर आणि समोरासमोर असतात, झाड मोठं झाल्यावर येणारी पानं मात्र लांब, कोयत्यासारखी आणि एकाआड एक असतात.

चौकोनी खोड आणि समोरासमोर पानं, झालं, तुळशीचं कुळ! असं नसतं, घाणेरीलाही हे दोन्ही आहे. अशा वेळी देठांच्या मधोमध बघायची सवय ठेवा, कदंबाच्या कुळात समोरासमोरच्या दोन देठांच्या मध्ये छोटी उपपर्णं, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारे पानासारखे बारीक भाग, असतात, ती कोवळ्या शेंड्याजवळ सापडतात. वड-पिंपळाच्या कुळात उपपर्ण गळलं की फांदीभोवती गोल वळ्यासारखी खूण राहते. चीक बघायला पान तोडणार असाल तर जपून, रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला चांगलीच इजा होऊ शकते.

अ‍ॅपवर एकच फोटो टाकून आलेलं पहिलं नाव पक्कं धरू नका, आणि त्या भरवशावर काही तोंडात तर अजिबात घालू नका. अख्खं झाड, फांदीचा मधला भाग, बेचक्याचा क्लोजअप आणि पानाची खालची बाजू, एवढे फोटो काढा. खालच्या बाजूचा फोटो बहुतेक जण विसरतात आणि लव, शिरा सगळं तिथेच जास्त नीट दिसतं.