कागदावर १४८, साइटवर ५५: स्टील बीम डिझाइनमधल्या या चुका टाळा

आयएसएमबी ३०० (३०० मिमी उंचीचा आय आकाराचा बीम), ई२५० स्टील (यील्ड, म्हणजे कायमचं वाकायला लागण्याचा ताण, २५० न्यूटन प्रति चौरस मिमी), साध्या टेकूंवर ६ मीटर स्पॅन. प्लास्टिक सेक्शन मॉड्युलस (सेक्शनच्या आकारावरून येणारं वाकण्याच्या ताकदीचं माप) ६५१.७ घन सेंमी; त्याला २५० ने गुणा, १.१० या सुरक्षा गुणकाने भागा, बेंडिंग कपॅसिटी (वाकण्याची ताकद) १४८ किलोन्यूटन-मीटर. बरीचशी एक्सेल शीट इथेच थांबते आणि सगळ्यात महागडी चूक इथेच होते. वरची, दाबातली फ्लँज (‘आय’ची आडवी पट्टी) पूर्ण लांबीभर आडवी धरलेली असेल तरच हा आकडा खरा. ती मोकळी असेल तर बीम पूर्ण ताकदीला पोचण्याआधीच कडेला कलंडतो आणि पिळला जातो. आयएस ८००:२००७ या स्टील बांधकामाच्या भारतीय मानकाच्या कलम ८.२.२ ने हाच बीम ६ मीटर मोकळ्या लांबीला तपासला तर जेमतेम ५५ मिळतात. मध्यावर आडवा टेकू दिला, म्हणजे मोकळी लांबी ३ मीटर केली, की १०४. सेक्शन वाढवण्याआधी हे गणित करून पाहा. आणि लोड वरच्या फ्लँजवर असून बीमबरोबर आडवा सरकणारा असेल, तर मोकळी लांबी १.२ पट धरायची हे विसरू नका.

आता आडवा टेकू कशाला म्हणायचं? मेझनाइनवर (पोटमाळ्यावर) चेकर्ड प्लेट (नक्षीदार पत्रा) नुसती टाकली किंवा चार ठिकाणी टॅक वेल्ड मारला, तर ड्रॉइंगवर ‘रिस्ट्रेंड’ (आडवा धरलेला) लिहू नका. दोन समांतर बीम एकमेकांना जोडले एवढ्यानेही भागत नाही. दोघे मिळून एकाच बाजूला झुकतात. ती साखळी शेवटी ब्रेसिंगला (तिरक्या आधारांना), स्लॅबला किंवा कॉलमला पोचली पाहिजे. कँटिलिव्हरमध्ये तर दाब खालच्या फ्लँजला येतो, त्यामुळे वरचा स्लॅब पाहून निर्धास्त होऊ नका. शेडच्या राफ्टरला वारा वर उचलतो तेव्हाही हेच होतं.

शिअरचा (बीम उभा कापू पाहणाऱ्या बलाचा) धाक मात्र उगाच घेतला जातो. याच बीमची शिअर कपॅसिटी ३०० × ७.५ मिमी वेबवर (‘आय’च्या उभ्या पट्टीवर) सुमारे २९५ किलोन्यूटन आहे आणि साध्या टेकूंच्या बीमला ती क्वचितच अपुरी पडते. लक्ष द्यायचं ते कँटिलिव्हर आणि सलग बीमच्या टेकूवर, कारण तिथे मोमेंट (वाकवणारा जोर) आणि शिअर दोन्ही एकाच ठिकाणी जास्तीत जास्त असतात. शिअर ६० टक्क्यांच्या, म्हणजे १७७ किलोन्यूटनच्या वर गेला की मोमेंट कपॅसिटी कमी करून घ्यावी लागते.

टेकूवरचा वेब चिरडणं ही तपासणी मात्र सर्रास राहून जाते. ७५ मिमी बेअरिंग (बीम टेकतो ती लांबी), त्यात फ्लँज आणि मुळाच्या गोलाईतून १ : २.५ उताराने पसरणारे ६६ मिमी. १४१ × ७.५ × २५० ÷ १.१० म्हणजे २४० किलोन्यूटन. शिअरपेक्षा कमी! वेबचं बकलिंग (दाबाने बाजूला फुगणं) वेगळं तपासा आणि कमी पडलं तर स्टिफनर (उभी आधारपट्टी) द्या.

सेकंडरी बीमची (मुख्य बीमला जोडलेल्या छोट्या बीमची) वरची फ्लँज कापून लेव्हल जुळवली असेल तर उरलेल्या उंचीवर शिअर आणि ब्लॉक शिअर (बोल्टभोवतीचा तुकडा फाटून निघणं) पुन्हा काढा. गॅस कटरने काटकोनात कापलेला कोपरा म्हणजे तड्याला आमंत्रण. कोपऱ्याला गोलाई द्या.

ताणातल्या फ्लँजमधली भोकं: ई२५० ला साधारण २३ टक्के रुंदीपर्यंत भोकं दुर्लक्षित करता येतात. १४० मिमी फ्लँजमध्ये एका ओळीत एम२० बोल्टची २२ मिमीची दोन भोकं म्हणजे ३१ टक्के, तेव्हा फ्लँजचं क्षेत्र कमी करून मोजा.

जाड प्लेटच्या गर्डरला २५० धरू नका. २० ते ४० मिमीला यील्ड २४० असतो.

डिफ्लेक्शनला (बीम किती खाली वाकतो ते काढायला) सुरक्षेसाठी १.५ ने गुणलेला लोड वापरणं ही उलटी चूक. २० किलोन्यूटन प्रति मीटर लाइव्ह लोडला (माणसं, सामान यांच्या भाराला) हा बीम १९.६ मिमी वाकतो. स्पॅन भागिले ३०० म्हणजे २० मिमीत बसतो. १.५ ने गुणून ३० घेतलात तर २९.४ येतात आणि विनाकारण मोठा सेक्शन मागवला जातो. वर तडे जाणाऱ्या फरशा किंवा भिंती असतील तर मर्यादा स्पॅन भागिले ३६०, म्हणजे १६.७ मिमी, तिथे मात्र हा बीम खरंच नापास.