स्प्रूस गूजच्या पोटातले फोटो कसे काढावेत

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात मॅकमिनव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या एव्हरग्रीन एव्हिएशन अँड स्पेस म्युझियममध्ये ह्यूज एच-४ हर्क्युलीस हे पाण्यावरून उडणारं विमान ठेवलंय. जग त्याला 'स्प्रूस गूज' (स्प्रूस नावाच्या झाडाच्या लाकडाचा हंस) म्हणतं. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९७.८ मीटर, लांबी ६६ मीटरहून जास्त, आठ इंजिनं, आणि हा सगळा डोलारा जवळजवळ पूर्णपणे लाकडाचा. दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅल्युमिनियमच्या वापरावर निर्बंध होते, म्हणून उद्योगपती आणि वैमानिक हॉवर्ड ह्यूजच्या कंपनीने लाकडाचे पातळ थर राळेने चिकटवून, साच्यात दाबून हे विमान उभं केलं. तयार होईपर्यंत युद्ध संपलं होतं. २ नोव्हेंबर १९४७ रोजी ते कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या बंदरात एकदाच उडालं: पाण्यापासून साधारण ७० फूट वर, अंतर जेमतेम मैलभर.

बाहेरून याचे फोटो भरपूर निघतात. आतून काढलेले मात्र बहुतेक वेळा फसतात. दिसतं काय, तर अंधारं, लांबट गोदाम. या विमानाचं जे वैशिष्ट्य, म्हणजे लाकूड आणि आकार, तेच फोटोत येत नाही. पुढचं सगळं या दोन गोष्टींसाठी आहे.

जाण्याआधी

म्युझियमचं साधं तिकीट आणि कॉकपिटची गाईडसोबतची फेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या तिकिटावर खालच्या मालवाहू डेकचा काही भाग बघता येतो. वरच्या फ्लाइट डेकवर जायचं असेल तर वेगळे पैसे पडतात आणि जागा मोजक्या असतात, त्यामुळे आधी चौकशी करून ठेवा. त्याच वेळी ट्रायपॉड, मोनोपॉड आणि फ्लॅश चालेल का तेही विचारा. ट्रायपॉड मिळणार नाही असं धरूनच तयारी केलेली बरी. वाट अरुंद आहे, मागे माणसं खोळंबतात.

पोर्टलंडहून गाडीने साधारण तासाभराचा रस्ता आहे. पोर्टलंड, बीव्हर्टन, हिल्सबरो या पट्ट्यात नोकरीनिमित्त राहणारी मराठी कुटुंबं बरीच आहेत. भारतातून आई-बाबा आले की त्यांना घेऊन जायला ही उत्तम जागा आहे. फक्त फोटोंसाठी जायचं असेल तर शनिवार-रविवार टाळा आणि दार उघडताच आत शिरा.

बॅगेत काय घ्यावं

फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा असेल तर १६-३५ मिलिमीटरची झूम, क्रॉप (लहान) सेन्सर असेल तर १०-१८. सोबत ३५ किंवा ५० ची एफ १.८ ची, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी, प्राइम (झूम न होणारी) लेन्स. मऊ रबरी लेन्स हूड, लेन्स पुसायचं कापड आणि रंग जुळवायला करड्या रंगाचं ग्रे कार्ड. बस. मोठी सॅक पाठीवर घेऊन आत वळता येत नाही, आणि सॅक कशावर तरी घासली तर नुकसान त्या जुन्या लाकडाचं होईल. अंगात गडद, साधे कपडे घाला; कारण पुढे येईल.

कॅमेऱ्याचं सेटिंग

फ्लॅश बंद. परवानगी असली तरी बंद. फ्लॅशने जवळची फ्रेम पांढरीफटक पडते आणि मागची सगळी खोली काळोखात जाते, म्हणजे आकारच मारला जातो.

रॉ फॉरमॅटवर ठेवा, म्हणजे घरी दुरुस्तीला वाव राहतो. अ‍ॅपर्चर एफ ४, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) ३२०० पासून सुरुवात, गरज पडली तर ६४००. आजच्या कॅमेऱ्यांत एवढा नॉइज (दाणेदारपणा) सहज साफ होतो. हललेला फोटो मात्र काही केल्या सुधारत नाही. फुल फ्रेमवर १६ मिलिमीटर आणि एफ ४ असेल तर फोकस हाताने साधारण अडीच मीटरवर लावा आणि तिथेच राहू द्या. सव्वा मीटरपासून थेट शेपटीपर्यंत सगळं नीट दिसतं, आणि अंधारात ऑटोफोकस चाचपडत बसत नाही.

भारतातून कॅमेरा नेणाऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६० हर्ट्झची. बरेचसे कृत्रिम दिवे त्या तालावर लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण फोटोवर आडवे पट्टे उमटतात. इथे १/५० आणि १/१०० सेकंदाच्या शटरची सवय असते. तिथे १/३०, १/६० किंवा १/१२५ वापरा. व्हिडिओ काढणार असाल तर मेन्यूत जाऊन अँटी-फ्लिकर ६० वर करा. सायलेंट शटरने हे पट्टे जास्त येतात, म्हणून मेकॅनिकल शटरच लावा. आवाज झाला तर होऊ दे.

मोबाइलवर काढणाऱ्यांनी मुख्य कॅमेराच जास्त वापरावा. ०.५ वाली वाइड लेन्स जागा भरपूर दाखवते, पण बहुतेक फोनमध्ये तिचा सेन्सर लहान असतो आणि कमी उजेडात लाकडाचे रेषे पार पुसून जातात. नाइट मोड लावा, कोपरं अंगाशी घट्ट धरा, श्वास सोडून बटण दाबा.

लांबवर जाणारा फोटो

हा मुख्य फोटो. याला वेळ द्या.

मालवाहू डेकवर उभं राहून शेपटीकडे बघा. विमानाच्या बरगड्या, म्हणजे धडाला आकार देणाऱ्या गोल फ्रेम, एकामागून एक लहान होत जातात. धडाची उंची साधारण ३० फूट. ७५० सैनिक किंवा रणगाडे नेता यावेत असा मूळ बेत होता, त्यावरून या पोकळीचा अंदाज येईल. बरोबर मध्यरेषेवर उभे राहा. कॅमेऱ्यातली लेव्हलची रेघ चालू करा. कॅमेरा जरा जरी वर किंवा खाली झुकला तरी वाइड लेन्समध्ये बरगड्या कलंडतात, वर्तुळाची अंडी होतात आणि बांधणीतली शिस्त दिसेनाशी होते.

आता आकाराचं. वाइड लेन्स जागा मोठी दाखवते, आणि त्याच वेळी ती किती मोठी आहे हे लपवते. दहा फुटांची बोगदेवजा खोलीही तिच्यातून अशीच दिसते. म्हणून चौकटीत माणसाच्या मापाचं काहीतरी हवंच: कठडा, जिना, दार, किंवा उभा असलेला माणूस. माणूस घेतला तर त्याला कडेला ठेवू नका, कडेला तो ताणला जातो. मध्याच्या जवळ, कॅमेऱ्यापासून सात-आठ पावलं लांब, आणि शक्यतो पाठमोरा. चेहरा दिसला की नजर चेहऱ्यावर जाते, विमान मागे पडतं. घरच्यांचा समोरून फोटो काढायचाच आहे, तो वेगळा काढा.

काही ठिकाणी मधे पारदर्शक प्लास्टिकचा अडसर असतो. तिथे रबरी हूड त्याला अलगद टेकवून काढा, म्हणजे बाजूचा उजेड लेन्सवर येत नाही. हूड नसेल तर काळं जॅकेट लेन्सभोवती धरा. गडद कपडे याचसाठी सांगितले: पांढरा शर्ट त्या प्लास्टिकमध्ये लख्ख उमटतो. पोलरायझर (चमक कापणाऱ्या) फिल्टरच्या नादी लागू नका, तो आधीच कमी असलेला उजेड आणखी खातो.

लाकूड दिसावं म्हणून

बाहेरून हे विमान रंगवलेलं आणि इतकं गुळगुळीत आहे की लाकूड म्हणून ओळखूच येत नाही. आत बांधणी उघडी दिसते. इथे वाइड लेन्स काढून ५० ची लावा आणि एफ २.८ वर एखादाच सांधा टिपा: बरगडी आणि लांबीची पट्टी जिथे भेटतात ती जागा, थरांची कड. प्रकाश समोरून सपाट पडत असेल तर दोन पावलं सरका. दिवा बाजूला आला की पृष्ठभागावर बारीक सावल्या पडतात आणि पोत उठून दिसतो.

रंगाच्या बाबतीत ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप जुळवलेल्या रंगांवर, विसंबू नका. पिवळट पृष्ठभाग दिसला की तो निळसर करून टाकतो. ग्रे कार्डचा एक फोटो खालच्या डेकवर आणि एक कॉकपिटमध्ये काढून ठेवा, कारण दोन्हीकडचा उजेड वेगळा.

कॉकपिट

गोल जिन्याने वर गेलात की वेळ थोडा असतो, त्यामुळे क्रम आधीच ठरवा. सगळ्यात आधी मागून, दोन्ही खुर्च्या आणि खिडक्या एकत्र. डाव्या खुर्चीत उड्डाणाच्या दिवशी ह्यूज स्वतः बसला होता. खिडक्यांतून म्युझियमचा उजेड येतो आणि आत काळोख असतो. एका एक्स्पोजरमध्ये दोन्ही बसत नाही. ब्रॅकेटिंग लावून दोन स्टॉप कमी, बरोबर आणि दोन स्टॉप जास्त असे तीन फोटो एका दमात काढा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). खांदा भिंतीला टेकू देऊ नका, गुडघे थोडे वाकवून उभे राहा. घरी हे तीन फोटो जोडताना खिडक्या किंचित उजळच ठेवा. आत-बाहेर सारखाच उजेड दिसला की फोटो खोटा वाटतो.

मग फ्लाइट इंजिनियरची जागा, जिथून आठही इंजिनांवर नजर ठेवायची. प्रत्येक इंजिन २८ सिलिंडरचं, ३००० अश्वशक्तीचं. मापकांच्या काचेवर दिव्याचं प्रतिबिंब येतंय का बघा, कॅमेरा हातभर खाली घेतला की बहुतेक वेळा जातं. पंख मुळाशी इतका जाड आहे की उड्डाण चालू असताना माणूस आतून इंजिनांपर्यंत जाऊ शकेल अशी सोय होती. त्या वाटेचं तोंड कुठून दिसतं ते गाईडला विचारा. माझ्या मते सबंध विमानातला सगळ्यात बोलका फोटो तिथला आहे.

घरी आल्यावर

शॅडो (गडद भाग) पूर्ण उघडू नका, कोपऱ्यांत थोडा अंधार राहू द्या. लेन्स करेक्शन (लेन्सचा वाकडेपणा काढणारी दुरुस्ती) लावल्यावर बरगड्या पुन्हा एकदा मध्यावर आहेत का तपासा. क्लॅरिटी (पोत ठळक करणारं सेटिंग) बेताने, जास्त ओढली की लाकूड गंजलेल्या पत्र्यासारखं दिसतं. कॅप्शनमध्ये विमानाचं खरं नाव लिहा, आणि लाकूड मुख्यतः बर्च झाडाचं आहे, स्प्रूसचं नाही, हेही लिहा. शिवाय प्रत्येक फोटोखाली जागा आणि दिशा नोंदवा: मालवाहू डेक, तोंड शेपटीकडे.