पाटाच्या पाण्याचा दावा मध्यस्थीत असा मिटला

गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला, पाटाचं पाणी येतं. चुलतभावाने, म्हणजे दादाने, फळी टाकून पाट अडवला, पोफळी करपायला लागल्या, तेव्हा मी दिवाणी दावा लावला. सहा वर्षं नुसत्या तारखा. मग न्यायाधीशांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 खाली प्रकरण मध्यस्थीकडे पाठवलं.

मध्यस्थ बाईंनी आधीच सांगितलं, मी निकाल देणार नाही, आणि इथे बोललेलं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येणार नाही. मग दोघांशी वेगवेगळ्या बोलल्या. तिथे मी पहिल्यांदा मोकळेपणी म्हणालो, मला पाटाची मालकी नको, चैत्र-वैशाखात आठवड्याला दोन दिवस पाणी हवं. दादाला नेमकी मालकीचीच भीती होती. सहा वर्षांत हे एकाही कागदावर आलं नव्हतं!

तडजोड लिहिताना ‘आळीपाळीने’ असं मोघम लिहू नका. आम्ही मंगळवार आणि शनिवार, सकाळी 6 ते दुपारी 12 असं लिहिलं. पाट साफ करायचा खर्च अर्धा-अर्धा. सह्या झाल्या, कोर्टाने त्यावरच हुकूमनामा केला. कोणी मोडला तर थेट बजावणीला, म्हणजे हुकूमनामा कोर्टाकडून अमलात आणून घ्यायला, जाता येतं, नवा दावा लागत नाही.

परवा मंगळवारी फळी दादानेच काढली.