खर्च कशाशी ताडायचा? स्तनकर्करोग तपासणीवर प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) दुसऱ्या वर्षी मी तपासणीचा खर्च आणि फायदा ताडण्याचा हा विषय घेतला, तेव्हा गणिताची धास्ती वाटत होती. ती तुम्ही बाळगू नका. बेरीज, वजाबाकी, भागाकार आला की काम भागतं. माझे चार महिने वाया गेले ते एका वजाबाकीपायी.

मी तपासणीच्या प्रत्येक धोरणाची तुलना 'काहीच तपासणी नाही' याच्याशी केली होती. सोपे काल्पनिक आकडे घेऊन दाखवते. एक लाख स्त्रिया धरा. दर पाच वर्षांनी आरोग्यसेविकेने हाताने तपासायचं: खर्च 2 कोटी, वाचलेली आयुष्यवर्षं 200. म्हणजे वाचलेल्या एका वर्षामागे एक लाख रुपये. तेच दर दोन वर्षांनी: 4.5 कोटी, 300 वर्षं, दीड लाख. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे: 15 कोटी, 330 वर्षं, साधारण साडेचार लाख. माझ्या तक्त्यात असंच दिसत होतं, आणि मॅमोग्राफी 'परवडते' असं मी लिहून टाकलं.

चूक इथेच आहे, नीट बघा. दोन वर्षांची हाततपासणी हातात असताना मॅमोग्राफीने जास्तीची वर्षं मिळाली फक्त 30. त्यांच्यासाठी जास्तीचे 10.5 कोटी गेले. म्हणजे जास्तीच्या एका वर्षामागे 35 लाख! साडेचार नव्हे. धोरणं खर्चाच्या चढत्या क्रमाने लावा आणि प्रत्येक धोरण लगतच्या खालच्या धोरणाशीच ताडा. मधलं एखादं जास्त पैसे घेऊन कमी वर्षं देत असेल, तर ते आधी खोडा आणि मगच भागाकार करा.

हे बाहेरच्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत दाखवलं. माझ्या गाईडनी मसुद्यावर दोन दिवसांत सही केली होती आणि मला त्याचा आनंद झाला होता. लवकर सही करणाऱ्या गाईडपेक्षा 'हा आकडा कुठून आला' असं विचारून छळणारी सीनियर शोधा. तिची तयार एक्सेल फाइल मात्र मागू नका. पहिला तक्ता कागदावर, हाताने.

'वाचलेल्या एका वर्षाचा खर्च देशाच्या दरडोई उत्पन्नाच्या तिपटीपर्यंत असला तर परवडतं' या पळवाटेवरही विसंबू नका. जिल्ह्याचं आरोग्याचं बजेट त्या सूत्राने ठरत नाही.

वाचायला सुरुवात मुंबईपासून करा. टाटा मेमोरियलने 1998 साली सुरू केलेल्या चाचणीत 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया होत्या. तपासणी गटातल्या स्त्रियांना प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत हाताने तपासलं. 2021 मध्ये आलेल्या निष्कर्षांत पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराचे मृत्यू सुमारे 30 टक्के कमी दिसले; पन्नाशीच्या आत ठोस फरक दिसला नाही. त्याआधी, 2008 साली, भारतासाठी केलेल्या एका मॉडेलचा अंदाज होता की 40 ते 60 वयात दरवर्षी केलेली हाततपासणी दर दोन वर्षांच्या मॅमोग्राफीइतकीच जवळपास उपयोगी ठरेल, तीही निम्म्या खर्चात. आपल्या राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमाने 2016 साली हाततपासणीसाठी 30 ते 65 वय आणि पाच वर्षांचं अंतर ठरवलं. ही तीन वेळापत्रकं शेजारी मांडलीत, तर तुमचा प्रश्न तुम्हाला आपोआप सापडेल.

एक रकाना माझ्याकडून राहिला होता: गाठ सापडल्यानंतरचा. बायोप्सीसाठी जिल्ह्याच्या गावाला दोन खेपा, सोबत येणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी, आणि ज्या बाया पुढे गेल्याच नाहीत त्या. दुसऱ्या मसुद्यात मी तो घातला, तेव्हा पाच वर्षांच्या तपासणीचाही आकडा हलला.