टॉकच्या सीझनआधी काय काय करून ठेवायचं (नवीन आलेल्या एमएस्सीवाल्यांसाठी)

जानेवारी लागला की आपल्या पुणे विद्यापीठात टॉकचा सीझन सुरू होतो आणि 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनापर्यंत रोज कुठे ना कुठे कोणीतरी बोलत असतं. मी केमिस्ट्रीत पीएचडी करतेय, गाव पाटण तालुक्यातलं, बीएस्सी तिकडेच झालं आणि मराठी मीडियम. पहिल्या वर्षी मी माझ्या डिपार्टमेंटबाहेर एकाही टॉकला गेले नाही कारण वाटायचं की आपल्याला काय कळणार, आणि आज त्या वर्षाची खरंच हळहळ वाटते. म्हणून हे लिहितेय, तुम्ही ते वर्ष घालवू नका.

सगळ्यात आधी एक काम करा, एक दिवस काढून कॅम्पसमधल्या नोटीस बोर्डांचे फोटो काढून आणा. फक्त आपल्या डिपार्टमेंटचे नाही, जिओलॉजी, बॉटनी, झूऑलॉजी, फिजिक्स, स्टॅट्स, मायक्रोबायोलॉजी, सगळीकडचे. आयुका (खगोलशास्त्राची संस्था) आणि एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्राची) आपल्या कॅम्पसच्या आतच आहेत, त्यांच्या टॉकची यादी त्यांच्या वेबसाइटवर असते, ती पण बघा. पेशींवर संशोधन करणारी एनसीसीएस पण इथलीच. पाषाणला आयसर, केमिस्ट्रीवाली एनसीएल आणि मान्सूनवाली आयआयटीएम, येरवड्याला डेक्कन कॉलेज, म्हणजे बसने जाता येईल एवढ्या अंतरात आकाशगंगेपासून इनामगावच्या उत्खननापर्यंत सगळं आहे हो, आणि बाहेरच्यांना बसायला मिळेल का हे एक मेल टाकून विचारलं की कळतं. मग हे सगळं फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आदल्या दिवशीचा रिमाइंडर लावून, नाहीतर गुरुवारी दुपारी प्रॅक्टिकल संपतं तोवर टॉक उरकलेलं असतं.

नोटीस वाचताना एक गोष्ट बघायची, ती मला कोणी सांगितली नव्हती. 'कलोक्विअम' लिहिलं असेल तर ते सगळ्यांसाठी असतं, बोलणाऱ्याने पहिली पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या माणसाला समजेल असं बोलायचं असतं. 'सेमिनार' लिहिलं असेल तर ते बहुतेकदा त्याच विषयातल्या लोकांसाठी, तिथे सुरुवातच मधून होते. आणि कोणाची पीएचडीची ओपन व्हायवा, म्हणजे सगळ्यांसमोरची शेवटची तोंडी परीक्षा, असेल तर ती पण ऐकायला जाता येतं, आणि खरं सांगू का, ती मला सगळ्यात आवडते, कारण तिथे माणूस चार-पाच वर्षांचं काम पहिल्यापासून सांगतो आणि कुठे अडकलो, कुठे उलट निघालं हेही बोलतो. नवीन असाल तर आधी कलोक्विअम, मग व्हायवा, सेमिनार नंतर. आठवड्याला एक आपल्या विषयाचं आणि एक पूर्ण बाहेरचं, एवढं धरा, जास्त धरलं तर दोन आठवड्यांत दम लागतो आणि सगळंच सुटतं.

टॉक ठरलं की त्याच्या आधी अर्धा तास. रात्रभर अभ्यास करायचा नाहीये, फक्त अर्धा तास. अॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे टॉकचा छोटा सारांश, वाचायचा आणि त्यातले न कळलेले तीनच शब्द निवडायचे, दहा नाही, तीन. त्या तीन शब्दांचा अर्थ वहीत आपल्या भाषेत एकेका ओळीत लिहायचा. इथे इंग्रजी व्याख्या कॉपी केली तर उपयोग शून्य, शेजारच्या काकूंना सांगितल्यासारखं लिहायचं.

उदाहरण देते. समजा एनसीआरएत पल्सार टायमिंगवर टॉक आहे. शब्द तीन: पल्सार, नॅनोहर्ट्झ, डिस्पर्शन. पल्सार म्हणजे मोठा तारा मेल्यावर उरलेला छोटासा घट्ट गोळा, तो स्वतःभोवती गरागरा फिरतो, काही तर सेकंदाला शेकडो वेळा, आणि त्याचे रेडिओ ठोके घड्याळासारखे आपल्यापर्यंत येतात. नॅनोहर्ट्झ म्हणजे इतकी कमी फ्रिक्वेन्सी की लाटेला एकदा वरखाली व्हायला कित्येक वर्षं लागतात, आणि इथे लाट म्हणजे गुरुत्वीय लाट, जी अवकाशच किंचित ताणते-आकसते, म्हणून इथे लोक वर्षानुवर्षं तेच पल्सार मोजत बसतात की ठोका किंचित आधी आला का उशिरा. डिस्पर्शन म्हणजे वाटेत ताऱ्यांच्या मधल्या जागेत जे इलेक्ट्रॉन असतात त्यांच्यामुळे सिग्नल रेंगाळतो, आणि फ्रिक्वेन्सी जेवढी कमी तेवढा जास्त रेंगाळतो. आता हे तीन शब्द हातात असले की आपल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं महत्त्व आपोआप कळतं, कारण नारायणगावजवळ खोडदला ज्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत त्या कमी फ्रिक्वेन्सीवरच चालतात, म्हणजे हा रेंगाळण्याचा हिशोब त्या फार नीट करू शकतात. 29 जून 2023 ला जगभरच्या गटांनी एकाच वेळी सांगितलं की अशा लाटांचा पुरावा मिळतोय, त्यात युरोपच्या गटाबरोबर भारताच्या गटाचा डेटा होता आणि तो खोडदचा होता. नारायणगावला एसटी थांबते तेव्हा आपण द्राक्षं घेतो आणि पुढे निघतो, पण तिथून थोडं आत गेलं की हे चाललेलं असतं. मी केमिस्ट्रीची, पण त्या टॉकमध्ये पहिल्यांदा मला वाटलं की अरे हे मला कळतंय, आणि ते त्या अर्ध्या तासामुळे.

शब्दांनंतर दुसरी तयारी म्हणजे एक प्रश्न. घरून नेलेला. टॉकमध्ये सुचेल असं म्हणू नका, सुचत नाही, समोर मोठमोठे सर-मॅडम बसलेले असतात आणि घसा कोरडा पडतो. प्रश्न हुशार असायची अजिबात गरज नाही, तुमच्या घराशी, गावाशी जोडलेला असला तर उलट जास्त चांगला.

हे मी कोयनेच्या टॉकमध्ये शिकले, ते जरा सविस्तर सांगते. आमची आजी 11 डिसेंबर 1967 ची पहाट आजही काल झाल्यासारखी सांगते, भूकंप झाला तेव्हा ती नवीन लग्न होऊन आलेली होती, फळीवरची भांडी अंगावर आली, गोठ्याची भिंत गेली, पुढे कित्येक रात्री अख्खं गाव शेतात झोपलं. 6.3 चा भूकंप होता तो, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. आणि गावात सगळे एकच म्हणतात, धरणामुळे झालं. कोयनेवरच्या टॉकची नोटीस बघितली तेव्हा मी ठरवलं की हेच विचारायचं. आधी तीन शब्द काढले. मॅग्निट्यूड, म्हणजे एक आकडा वाढला की हादऱ्याची झेप दहापट आणि ऊर्जा जवळजवळ बत्तीसपट, त्यामुळे 3 आणि 6 यात 'दुप्पट' काही नसतं. फॉल्ट, म्हणजे खडकातली भेग जिच्या दोन्ही बाजू एकमेकींवर ताणून बसल्यात. पोअर प्रेशर, म्हणजे खडकाच्या बारीक फटींमध्ये शिरलेल्या पाण्याचा दाब.

टॉकमध्ये एक ग्राफ होता, खाली वर्षं, वर धरणातली पाण्याची पातळी आणि त्याच्याच जोडीला भूकंपांची संख्या. पाणी चढतं, काही काळाने हादरे वाढतात, पाणी उतरतानाही एक झुंबड येते. आणि हे सगळं धरणाच्या दक्षिणेला साधारण 20 बाय 30 किलोमीटरच्या पट्ट्यातच होतं, साठ वर्षं झाली तरी तिथेच, म्हणून जगभरचे लोक कोयनेकडे बघतात. सरकारने तिथे गोठण्याला 3 किलोमीटर खोल बोअर मारलंय, वरचा सव्वा किलोमीटर आपला काळा कातळ आणि त्याच्याखाली ग्रॅनाइट, आणि कराडला त्या कामासाठी वेगळी लॅब आहे. मी कराडवरून शंभर वेळा गेले असेन, मला माहीत नव्हतं.

प्रश्नांची वेळ आली, मी हात वर केला आणि विचारलं की गावात म्हणतात धरणानेच भूकंप केला, मग धरण नसतं तर झाला नसता का. मराठीतच विचारलं, कारण इंग्रजीत जुळवायला गेले असते तर वेळ संपली असती. उत्तर असं मिळालं की ताण त्या फॉल्टवर आधीपासून साठलेला होता, तो पाण्याने तयार केला नाही, पाण्याने फक्त भेगेतली पकड सैल केली, भूकंप कधी ना कधी झाला असता पण तो कधी आणि कसा हे धरणाने बदललं. मग त्यांनीच मला उलट विचारलं की तुमच्या आजीच्या आठवणीत हादऱ्याआधी आवाज आला होता का. मी म्हणलं विचारून सांगते. टॉकमध्ये माझ्या आजीच्या आठवणीची कोणाला तरी गरज होती, हे मला अजून पण विसरता येत नाही.

तर प्रश्न असा न्या. कोकणातले असाल आणि सापाच्या विषावर टॉक असेल तर फुरशाबद्दल विचारा. आपल्याकडे साप चावल्यावर द्यायचं औषध, म्हणजे प्रतिविष, घोड्यांना विष टोचून तयार करतात आणि ते नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच असतं, पण त्यासाठीचं विष बरंचसं तामिळनाडूतून इरुला लोकांच्या सोसायटीतून येतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं. मग आमच्याकडच्या सापाच्या विषावर ते प्रतिविष किती लागू पडतं, हा प्रश्न रत्नागिरीच्या पोरीने नाही विचारायचा तर कोणी विचारायचा? साताऱ्याचे असाल तर कासच्या सड्यावर सीतेची आसवं का फुलतात, ती मातीत नायट्रोजन नसल्याने किडे खाते हे खरं का, हे विचारा. हिंगोलीचे असाल तर औंढ्याला जे लायगो, म्हणजे गुरुत्वीय लाटा पकडायचं यंत्र, होतंय त्याचे 4 किलोमीटरचे हात आणि शेजारून जाणाऱ्या ट्रॅक्टरचे हादरे यांचं कसं जमणार, हे विचाराच, भारी प्रश्न आहे तो.

स्टॅट्सचं थोडं. कुठल्याही विषयाचा ग्राफ आला की पहिल्यांदा दोन्ही अक्षांवर काय लिहिलंय ते वाचायचं, मग एरर बार, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते दाखवणाऱ्या छोट्या रेषा, आहेत का, मग नमुने किती होते. एवढं तीन सेकंदात बघायची सवय लावा.

भाषेचं मात्र मनावर घेऊ नका. इंग्रजी कळत नाही म्हणून मागे बसून फोन बघणारी पोरं मी बघितलीत, आणि ती हुशार पोरं असतात. आयुका उभी करणारे नारळीकर सर आयुष्यभर मराठीत लिहीत राहिले, त्यांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या, तर आपण मराठीत प्रश्न विचारला तर काही बिघडत नाही. बोलणारे बाहेरचे असतील तर शेजारच्याला सांगा भाषांतर करायला, करतात लोक आनंदाने. आणि पुढे बसा, दुसरी-तिसरी रांग, मागून ग्राफवरचे आकडे दिसतच नाहीत.

आता सामान. वही आणि दोन पेनं, लॅपटॉप नको, त्याच्यावर मेल उघडला जातो. आयकार्ड नक्की, काही गेटवर त्याच्याशिवाय आत सोडत नाहीत. पाण्याची बाटली. एक ओढणी किंवा जॅकेट, कारण ऑडिटोरियममधला एसी फेब्रुवारीत पण गारठवतो आणि थंडी वाजली की डोकं चालत नाही. काहीतरी खाऊन जा, टॉक चारला असेल तर तीनला वडापाव का होईना, चहा-बिस्किटं नंतर मिळतात पण कधी कधी नाही मिळत. बाहेरून येणार असाल तर विद्यापीठ चौकासाठी अर्धा तास जास्तीचा धरा, आणि मेन गेटपासून आयुकापर्यंत चालायला पण वेळ लागतो हे विसरू नका, कॅम्पस चारशे एकरांच्या वर आहे. फोन सायलेंटवर. आणि स्लाइडचे फोटो काढायच्या आधी विचारा, कारण बऱ्याचदा ते काम अजून छापलेलं नसतं आणि कोणाची तरी वर्षांची मेहनत असते ती.

28 फेब्रुवारीच्या आसपास जीएमआरटी लोकांना बघायला खुली असते, तेव्हा खोडदला जायचं असेल तर आत्ताच चार जण जमवून गाडी ठरवा, कारण आयत्या वेळी मिळत नाही. तिथे मोबाइल बंद ठेवावा लागतो, आकाशातून येणारे सिग्नल इतके क्षीण असतात की आपल्या फोनचा गोंगाट त्यात घुसतो, म्हणून भेटायची जागा आणि वेळ आधीच बोलून ठेवा. घरी लहान भावंडं असतील तर त्यांना घेऊन जा, आणि शाळेतल्या मुलांसाठी आयुकात दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं असतात ते पण त्यांना सांगा.

टॉक झाल्यावर लगेच पळू नका. चहाच्या वेळी बोलणारा माणूस बहुतेक एकटा कप घेऊन उभा असतो, तेव्हा जाऊन बोलायचं, स्टेजवर जे सांगता आलं नाही ते तिथे सांगतात. आणि त्याच रात्री, झोपायच्या आधी, वहीत पाच ओळी, काय कळलं, काय नाही कळलं, कोणाला विचारायचं. दुसऱ्या दिवशी लिहिते म्हणलं की गेलं.

कोयनेच्या टॉकच्या रात्री मी पाच ओळी लिहिल्या आणि घरी फोन लावला. आजी म्हणाली, आवाज आला होता गं, ट्रक खडीवरून जातो तसा, आणि त्याच्या आधी गुरं उठून उभी राहिली होती. ते सगळं तिच्या शब्दांत लिहून मी टॉक देणाऱ्या सरांना मेल केला. यंदा फेब्रुवारीत कोयनेवरच पुन्हा टॉक आहे, आजीला पुण्याला आणायचं ठरवलंय, तिच्यासाठी रांगेच्या कडेची खुर्ची बघून ठेवलीये आणि ऑडिटोरियमला रॅम्प कुठून आहे ते पण विचारून आलेय.