फिनिशिंगचं फडकं: काचकामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

काचा पुसायच्या कामात नवीन आलेला पोरगा आधी लिक्विडची चौकशी करतो. निळं चांगलं की हिरवं, किती टाकायचं? अरे भो, बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक छोटा चमचा पुष्कळ झाला. मळ सोडवतो तो ओला मॉप, पाणी ओढतो तो रबरी वायपर. खरी कटकट कडांवर उरते. चौकटीला लागून बोटभर पट्टी ओली राहते, कोपऱ्यात थेंब अडकतो, वायपर उचलला तिथे बारीक रेघ पडते. हे टिपून घेणं म्हणजे फिनिशिंग. सराफ्यातला शेठ तिरप्या उन्हात दारातून काच बघतो तेव्हा त्याला नेमकं हेच दिसतं.

जळगाव-भुसावळ भागात काम करून माझं मत असं झालंय की बहुतेक रेघा फडक्यातून येतात. म्हणून लिक्विड बदलत बसण्याआधी फडकं बदलून बघा.

पहिली गोष्ट, फडकी दोन ठेवा आणि त्यांची अदलाबदल करू नका. खिडकीचा ट्रॅक आणि खालची पट्टी पुसायला जाड, टॉवेलसारखं. काचेच्या कडांना पातळ, लव नसलेलं. रंग वेगळे घ्या, म्हणजे घाईत चूक होत नाही. ट्रॅकमध्ये आपल्याकडे काळ्या मातीची धूळ बसलेली असते. त्यातला खडा फडक्यात राहिला आणि काचेवर फिरला, तर ओरखडा कायमचा.

काचेसाठी मायक्रोफायबर घेताना पाकिटावरचा जीएसएम बघा, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. 200 ते 300 च्या आसपासचं ठीक. गाड्या पुसायची 800 जीएसएमची गुबगुबीत फडकी दिसायला भारी, पण ती काचेवर ओल मागे ठेवतात आणि त्यांच्या घडीतून बोटाचं टोक कोपऱ्यात शिरत नाही. विणीत सपाट, खवल्यांच्या नक्षीचं किंवा वॅफलसारख्या चौकड्यांचं कापड बरं. धागा पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचा असतो, प्रमाण साधारण 80-20 किंवा 70-30. हा धागा कारखान्यात उभा चिरलेला असतो. त्या फटींत पाणी आणि मळ अडकतो. स्वस्त मालात धागा चिरलेलाच नसतो आणि पाकिटावरून ते कळत नाही. दुकानात कोरडा तळहात फडक्यावरून फिरवा. राठ कातडीला ते किंचित पकडलं पाहिजे. घरी आणल्यावर ओट्यावर थोडं पाणी सांडून फडकं त्यावरून ढकला. पाणी पुढे पळत असेल तर ते ट्रॅकला वापरा. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा असेल तर एकदा कोरडं पुसून बघा, तुसं सुटत असतील तर लगेच दिसतात. लेबल कापून टाका. कडेची शिवण कडक असेल तर ती फिल्म लावलेल्या काचेला लावू नका.

सुती फडक्याला नावं ठेवणारे भेटतील. मी ठेवत नाही. दवाखान्यात वापरतात तो हक्काबॅक, म्हणजे खडबडीत विणीचा सुती टॉवेल, फिनिशिंगला उत्तम चालतो, आणि जितका जुना तितका चांगला. नव्या सुती कापडात खळ असते, मोकळे तंतू असतात. ते पाणी पीत नाही आणि काचेवर धुकट थर सोडतं. चारदोनदा गरम पाण्यातून धुऊन निघाल्याशिवाय कामावर नेऊ नका. आजोबांचं विरलेलं धोतर मिळालं तर सोनंच समजा, फक्त त्याचे काठ दुमडून शिवून घ्या. वर्तमानपत्राचा कागद अनेकजण सांगतील. काच स्वच्छ निघते त्यानं, पण हात काळे होतात आणि पांढऱ्या चौकटीवर शाई लागते.

कापसाच्या जिल्ह्यात एक वेगळाच ताप आहे. हंगामात जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यांच्या आसपास हवेत रुई तरंगत असते आणि ओल्या काचेवर येऊन चिकटते. अशा ठिकाणी एकेक तावदान घ्या, वायपर मारला की लगेच कडा टिपा, मग पुढचं.

आता धुलाई. चांगलं फडकं इथेच वाया जातं. कम्फर्टसारखं सॉफ्टनर अजिबात नको. ते धाग्यावर लेप धरतं, फडकं पाणी शोषत नाही आणि तोच लेप काचेवर उतरतो. कपड्याच्या वडीत भराव असतो, तो विणीत बसतो. साबण आणि बोअरचं जड पाणी एकत्र आलं की साका तयार होतो. लिक्विड डिटर्जंट घ्या, तेही थोडं. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नका, सगळी तुसं ते गोळा करतं. ब्लीच नको, इस्त्री तर नकोच. शेवटचं खळबळणं मी एसीच्या नळीतून गळणाऱ्या पाण्यात करतो, गाळून. त्यात क्षार जवळपास नसतात. पावसाळ्यात पागोळ्याचं पाणी आहेच. वाळवायचं सावलीत, गच्चीवर नाही. मे महिन्यातल्या वावटळीत गच्चीवरचं फडकं म्हणजे सँडपेपर.

वापरताना फडकं चार पदरी घडी घाला, म्हणजे उलटसुलट करून आठ स्वच्छ बाजू मिळतात. बाजू ओली झाली की पालटा. बोटाचं टोक घडीत घालून वरच्या कडेपासून सुरुवात करा आणि बाजूंनी खाली या. मधली काच स्वच्छ निघालेली असेल तर तिला हात लावू नका. नवा माणूस इथेच मोह आवरत नाही, गोल गोल पुसतो आणि चांगली काच खराब करतो.

एप्रिल-मे मध्ये पारा 44-45 ला जातो तेव्हा काच तापलेली असते, पाणी वायपरच्या आधीच वाळतं. पश्चिमेची बाजू सकाळी उरकायची, पूर्वेची दुपारनंतर. या दिवसांत फडकं कोरडं ठक्क नको. पिळून जेमतेम ओलसर केलेलं झाकणाच्या डब्यात ठेवा. वाळलेला साबण त्यानंच सुटतो. मागून कोरड्या फडक्याचा एक हात फिरवला की झालं.

कूलर बसवलेल्या खिडकीवर पांढरे ठिपके दिसले तर फडक्याला दोष देऊ नका. वर्षानुवर्षं उडालेल्या पाण्याचे ते क्षार आहेत. लिंबूसत्वाचं पाणी थोडा वेळ लावून ठेवलं तर ताजे डाग सुटतात. जुने काचेत मुरलेले असतात, ते जातीलच असं नाही. अशा काचांचा भाव वेगळा सांगा, आणि बादली भरण्याआधी सांगा.